पाचोळ्यातला नवरंग



मे महिना संपत आला आहे. दुपारी वळवाची एक सर येऊन गेली आणि दारातून अजून ओल्या मातीचा वास आत येतो आहे. आजच्या विषयाला याहून चांगला दिवस मिळाला नसता. ज्या पक्ष्याबद्दल मी बोलणार आहे, तो आपल्याकडे येतो तो याच दिवसांत, याच वाऱ्याबरोबर. त्याचं नाव नवरंग.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनीच मला हा पक्षी दाखवला. तिथूनच सुरुवात करतो.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. रायगड जिल्ह्यातलं आमचं गाव, डोंगराच्या कुशीतलं. मृगाच्या आधीची एक रात्र वादळाची गेली. सकाळी पडवीत आलो तर भिंतीच्या कडेला एक पाखरू अंग फुगवून बसलेलं. निळ्या रंगाची चमक दिसली आणि मी ओरडलो, "खंड्या! खंड्या!" आजीने त्याच्यावर अलगद डालगं ठेवलं, वरून जुनं लुगडं टाकलं आणि आम्हा पोरांना लांब हाकललं. तेवढ्यात गुरुजी आले. मी त्यांना धावत जाऊन सांगू लागलो, की पाठ हिरवी आहे, खांदा निळा आहे, पोट असं आहे. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "रंग मला दिसतील. तो काय करत होता, ते सांग."

तो काय करत होता? मी आठवू लागलो. डालगं पडायच्या आधी त्याने दोन-तीन टुणटुण उड्या मारल्या होत्या, जमिनीवर, दोन्ही पाय जोडून. आखूडशी शेपटी हळूहळू वर-खाली होत होती. गुरुजी म्हणाले, "खंड्याला जमिनीवर अशा उड्या मारताना पाहिलंयस कधी?" नव्हतं पाहिलं. खंड्याचे पाय फांदीवर बसण्यापुरते. तो तारेवर बसेल, विहिरीच्या काठावर बसेल, तिथून झेप घेईल आणि परत तिथेच येऊन बसेल. अंगणात टुणटुण उड्या मारणं हे त्याचं काम नाही. "म्हणजे हा खंड्या नाही," मी म्हणालो. "मग कोण?" गुरुजी म्हणाले, "हा नवरंग. पावसाचा पाहुणा."

श्रोतेहो, त्या एका प्रश्नावर मी पुढची चाळीस वर्षं काढली. तो काय करत होता? आजचं सगळं व्याख्यान म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर आहे. त्याचे चार भाग करतो. पहिला रंगांचा, दुसरा आवाजाचा, तिसरा पाचोळ्याचा आणि चौथा प्रवासाचा. आणि शेवटी तोच प्रश्न आपण स्वतःला विचारू.

आधी रंग.

नवरंग साधारण बुलबुलाएवढा असतो. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १९ सेंटिमीटर. पण बुलबुल जसा सडपातळ, ऐटबाज दिसतो तसा हा दिसत नाही. हा बसका, गुटगुटीत. शेपूट इतकं आखूड की कुणी छाटून टाकलंय असं वाटावं. पाय मात्र लांब आणि मजबूत, फिकट गुलाबी छटेचे. पाठ गवतासारखी हिरवी. खांद्यावर आणि कमरेवर चमकता निळा. गळा पांढरा, छाती आणि पोट बदामी. डोक्यावर मधोमध एक काळी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना पिवळसर तपकिरी पट्टे, खाली पांढरी भुवई आणि डोळ्यावरून मानेकडे गेलेला जाड काळा पट्टा. पोटाच्या मागच्या भागात, शेपटीच्या खाली, किरमिजी लाल. उडाला की काळ्या पंखात एक पांढरा ठिपका लखकन उघडतो आणि मिटतो. नर आणि मादी दिसायला सारखेच.

रंग नऊच आहेत का? कुणी सात मोजतात, कुणी आठ. आपल्या भाषेला नऊ हा आकडा प्रिय आहे. आपल्याकडे रस नऊ, रात्री नऊ, रत्नं नऊ. ज्याच्या अंगावर एवढी श्रीमंती आहे त्याला लोकांनी नऊ रंग देऊन टाकले. हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्येही याच अर्थाचं नाव आहे.

आता मला सांगा, एवढे रंग असलेला पक्षी रानात ठळक दिसायला हवा की नको? हवा. मग तो दिसत का नाही? जी माणसं वर्षानुवर्षं रानात जातात, ती सांगतात की आवाज रोज ऐकला, पक्षी दिसला नाही. असं का होतं?

याचं उत्तर रंग कुठे कुठे आहेत, यात आहे. वरून पाहणाऱ्या शिक्रा-ससाण्याला काय दिसतं? हिरवी पाठ. पावसाळी रानाच्या तळाशी हिरवी पाठ म्हणजे आणखी एक पान. किरमिजी रंग पोटाखाली, बदामी रंग छातीवर, दोन्ही सावलीत. पंखातला पांढरा ठिपका पंख मिटला की झाकला जातो. त्यात हा पक्षी घाबरला की लगेच उडत नाही, जागच्या जागी निश्चल होतो. मग ती निळी चमक म्हणजे ओल्या पानावर पडलेला उन्हाचा कवडसा असंच वाटतं. मी स्वतः एकदा पंधरा हातांवरच्या नवरंगाकडे बराच वेळ बघत होतो आणि मला तो दिसत नव्हता. त्याने मान वळवली, तेव्हा दिसला.

म्हणून रंगांवरून ओळखताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे खंड्या. निळा रंग दोघांनाही आहे, पण खंड्याची चोच लांब आणि लालभडक, डोकं चॉकलेटी. दुसरा, नारिंगी डोक्याचा कस्तुर. हा घोटाळा जास्त बिकट आहे, कारण कस्तुरही त्याच रानात, त्याच सावलीत, तसाच पाचोळा उलटत फिरतो. आपल्याकडच्या कस्तुराचा गळाही पांढरा असतो. पण त्याच्या गालावरच्या काळ्या रेघा वरून खाली उतरतात, नवरंगाचा काळा पट्टा डोळ्यावरून आडवा मागे जातो. शिवाय कस्तुराची पाठ निळसर राखाडी, आणि शेपूट नीट, भरपूर लांब. तिसरा, पाचू कवडा. पायवाटेवर हिरवे पंख दिसतात आणि मन लगेच नवरंग म्हणतं. अशा वेळी पाय बघा. कवडा एकामागून एक पाऊल टाकत चालतो, मान हलवत चालतो. नवरंग उड्या मारतो. पुन्हा तोच प्रश्न आला ना? तो काय करत होता?

दुसरा भाग आवाजाचा.

नवरंग डोळ्यांना जितका दुर्मिळ, कानांना तितकाच मोकळा. दोन सुरांची शीळ. पहिला सूर वर चढणारा, दुसरा खाली येणारा, स्वच्छ, ठसठशीत, दूरवर जाणारी. कधी तीन सूरही ऐकू येतात. पक्षी बहुधा फांदीवर बसून शीळ घालतो आणि शीळ घालताना डोकं मागे झटकतो. एकाने घातली की दरीच्या पलीकडून दुसरा उत्तर देतो, मग तिसरा. जूनच्या पहाटे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुंगारेश्वरात किंवा कर्नाळ्याच्या पायथ्याशी उभे राहिलात, तर हा संवाद चारी बाजूंनी चालू असतो.

पहाटे आणि सांजवेळी ही शीळ हटकून येते. तमिळ भाषेत त्याला नावच दिलं आहे 'आरुमणी कुरुवी'. आरुमणी म्हणजे सहा वाजता, कुरुवी म्हणजे पाखरू. सहा वाजताचं पाखरू! केवढी नेमकी ओळख आहे ही. नावात एकही रंग नाही. ज्यांनी हे नाव दिलं त्यांना पक्षी कदाचित दिसलाही नसेल, पण तो कधी काय करतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. श्रीलंकेत तर या शिळेवर एक लोककथाच बेतलेली आहे. मोराने याचा पोशाख पळवला आणि तेव्हापासून हा बिचारा सकाळ-संध्याकाळ त्याची तक्रार करत फिरतो. मोर आणि नवरंग, दोघेही पावसाचे पक्षी, दोघेही रंगांचे धनी. कथा रचणाऱ्याने किती बारकाईने पाहिलं असेल!

आता शास्त्राकडे येऊ. १७६६ साली स्वीडनच्या कार्ल लिनिअसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं आणि तेव्हा त्याला कुणाच्या कुळात बसवलं ठाऊक आहे? कावळ्याच्या! लिनिअस हिंदुस्थानात कधी आला नव्हता. ही शीळ त्याच्या कानावर पडलेली नव्हती. आखूड शेपूट मात्र त्याच्या ध्यानात आलं, म्हणून नावातला दुसरा शब्द त्याने ग्रीकवरून घेतला, त्याचा अर्थ आखूड शेपटीचा. पुढे १८१६ मध्ये व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने या पक्ष्यांची वेगळी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं 'पिट्टा'. हा शब्द कुठला? तेलुगू. तेलुगूत पिट्टा म्हणजे पाखरू, साधं चिमुकलं पाखरू. ऑस्ट्रेलियापासून आफ्रिकेपर्यंत या कुळातल्या सुमारे चाळीस जातींना आज जग ज्या नावाने ओळखतं, तो शब्द आपल्या शेजारच्या भाषेतला आहे. आंध्रातल्या कुणा अनाम माणसाने "हे काय आहे?" या प्रश्नाला "पिट्टा" असं उत्तर दिलं असेल, ते जगाच्या ग्रंथात जाऊन बसलं.

पण आवाजाची खरी गोष्ट गळ्याच्या आत आहे. आपला आवाज गळ्यात वरच्या बाजूला तयार होतो. पक्ष्यांचा तिथे होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फाटते, त्या फाट्यावर पक्ष्यांचं स्वरयंत्र असतं. १८४७ साली जर्मनीच्या योहानेस म्युलरने फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांची स्वरयंत्रं तपासली आणि दाखवून दिलं की त्यांची रचना एकसारखी नाही. दयाळ, बुलबुल, शिंपी, चिमणी या एका शाखेच्या स्वरयंत्राचे स्नायू गुंतागुंतीचे असतात आणि ही पाखरं आपलं गाणं मोठ्यांचं ऐकून ऐकून शिकतात. त्यांचं घराणंच असतं म्हणा ना. दुसऱ्या शाखेचं स्वरयंत्र त्या मानाने साधं. या दुसऱ्या शाखेतले बहुतेक पक्षी दक्षिण अमेरिकेत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना आवाज शिकावा लागत नाही, तो उपजतच येतो. आणि महाराष्ट्राच्या रानात या शाखेचा एकच प्रतिनिधी आहे. तो म्हणजे आपला नवरंग.

मग नवरंग गाणारा पक्षी आहे की नाही? शास्त्राच्या काटेकोर वर्गवारीत नाही. पण मला विचाराल, तर जूनच्या पहाटे, पाऊस थांबून झाडांवरून थेंब गळत असताना, ज्याने ती दोन सुरांची शीळ ऐकली आहे त्याला गाणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. दोनच सूर. पण ते लागतात. मोठे गवई एक षड्ज लावायला आयुष्य घालवतात, आणि हे पाखरू दोन सूर घेऊनच अंड्यातून बाहेर येतं.

तिसरा भाग पाचोळ्याचा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

नवरंग झोपतो झाडावर, शीळ घालतो झाडावर, पण पोट भरतो जमिनीवर. झाडीच्या सावलीतल्या पाचोळ्यात तो चार उड्या मारतो, थांबतो, चोचीने एक पान उलटतो, बाजूला फेकतो, खालची ओली माती न्याहाळतो. कधी किडा मिळतो, कधी वाळवी, कधी गोगलगाय, आणि पाऊस सुरू झाल्यावर मुख्य म्हणजे गांडूळ. पिल्लांसाठी चोचीत गांडुळांची जुडीच्या जुडी घेऊन चाललेला नवरंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा पक्षी पावसाबरोबरच का येतो हे कुणी समजवायला नको. कोरड्या पाचोळ्याखाली गांडूळ वर येत नाही. मृगाचा पाऊस मुरला, पाचोळा भिजला, माती मऊ झाली, की रानाच्या तळाशी ताट वाढलं जातं. त्याच सुमारास नवरंगाची वीण सुरू होते, जूनपासून ऑगस्टपर्यंत.

त्याचं घरटंही पाचोळ्याचंच. वाळकी पानं, काटक्या, मुळं, गवत यांचा एक गोळा, सोललेल्या नारळापेक्षा बराच मोठा, वरून बंद, बाजूला गोल दार. कधी जमिनीवर, झुडपाच्या बुडाशी, कधी ठेंगण्या झाडाच्या बेचक्यात. पावसाचं पाणी वरून ओघळून जावं अशी बांधणी. दुरून पाहिलं तर पावसाने वाहून आणलेला कचरा अडकलाय असंच वाटतं. आत चार-पाच अंडी, पांढरी, तुकतुकीत, जवळजवळ गोल, त्यांवर जांभळट ठिपके. घरटं बांधायला नरही असतो, मादीही. पिल्लांना भरवायला दोघंही.

आता या पाचोळ्याकडे आपण कसं बघतो? आपल्या भाषेतच बघा. पालापाचोळा म्हणजे कचरा, काही किंमत नसलेली गोष्ट. "आयुष्याचा पाचोळा झाला" असं आपण म्हणतो. पण नवरंगाच्या लेखी पाचोळा म्हणजे शेत, स्वयंपाकघर आणि घर. पाचोळा कुजतो, त्यात वाळवी आणि बुरशी काम करते, गांडूळ माती वर-खाली करतं, पावसाचं पाणी धावण्याऐवजी मुरतं. ज्या डोंगरावर पाचोळा जाडजूड आहे, त्याच्या खालचा झरा फेब्रुवारीतही वाहतो, हे कोकणातली कुठलीही म्हातारी सांगेल.

मी कोकणातला आहे, म्हणून कोकणाचंच बोलतो. आमच्याकडे भाताचा तरवा टाकण्याआधी राब भाजायची पद्धत आहे. शेण, गवत, झाडाच्या तोडलेल्या फांद्या आणि रानातून गोळा केलेला पाचोळा वाफ्यावर पसरायचा आणि मृगाच्या आधी पेटवायचा. पिढ्यान्‌पिढ्या ते चाललं. त्यात शेतकऱ्याचा दोष काढायला मी इथे उभा नाही. त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं. पण आज शेतकीच्या जाणकारांनी राब न भाजता रोपं करायच्या पद्धती दाखवल्या आहेत, आणि ज्यांनी त्या धरल्या त्यांच्या बांधावरचा पाचोळा शाबूत राहिला. वणव्यांचं मात्र तसं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मुद्दाम लावलेले किंवा निष्काळजीपणाने लागलेले वणवे डोंगरचे डोंगर काळे करतात. दोन महिन्यांनी नवरंग येतो, तेव्हा त्याचं ताट जळून गेलेलं असतं.

आणि याच्या उलट जागा कुठे आहेत? देवरायांत! सह्याद्रीत देवाच्या नावाने राखलेली ती जुनी रानं. तिथली काडी उचलायची नाही, असा गावाचा नेम. गावाने देवासाठी काडी राखली, आणि काडीबरोबर पाचोळा राखला गेला. देवराईत शिरलात की पाऊल घोट्यापर्यंत रुततं. तिथे जूनमध्ये नवरंगाची शीळ ऐकू आली नाही तरच नवल. त्या नेमात पक्ष्याचं नाव कुठेही नाही. पण त्या नेमाने पक्षी राखला.

चौथा भाग प्रवासाचा.

थंडीत नवरंग दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. तिथे तो बहुधा एकेकटा राहतो, आपापला बागेचा किंवा रानाचा तुकडा सांभाळून. पावसाळा जवळ आला की उत्तरेकडे निघतो. काही सह्याद्रीत उतरतात, काही मेळघाट, नागझिरा यांसारख्या मध्य भारतातल्या जंगलांत, काही गीरपर्यंत जातात, काही थेट हिमालयाच्या पायथ्याशी. पाऊस ओसरला की हीच वाट उलट. ज्याचे पंख आखूड, ज्याचा सगळा दिवस जमिनीवर उड्या मारण्यात जातो, तो पक्षी वर्षातून दोनदा शेकडो कोस उडतो. आणि उडतो केव्हा? रात्री.

इथे माझ्या आजीच्या पडवीतल्या त्या पाखराचा उलगडा होतो. तो रात्रीचा प्रवासी होता. वादळाने भरकटला, थकला, उजेड दिसला तिथे उतरला. रात्री प्रवास करणारे पक्षी झगझगीत दिव्यांनी गोंधळतात, वाट चुकतात, हे आता सगळीकडच्या अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. माझ्या लहानपणी आमच्या पडवीत एक कंदील होता. आज आपल्या शहरात काय परिस्थिती आहे? मे-जूनमध्ये आणि पुन्हा पावसाळा संपताना, इमारतीच्या जिन्यात, बाल्कनीत, काचेच्या भिंतीखाली दमलेला, बावरलेला नवरंग सापडतो. लोक म्हणतात, "कुणाचा तरी पाळलेला परदेशी पक्षी सुटलाय." श्रोतेहो, तो परदेशी नाही. तो आपल्या डोंगरात पिल्लं वाढवायला निघाला होता.

असा पक्षी सापडला तर काय करायचं? माझ्या आजीने केलं तेच. अंधार आणि शांतता द्यायची. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी कापड घाला, अलगद पक्षी ठेवा, झाकण लावा आणि खोकं घरातल्या शांत कोपऱ्यात ठेवून द्या. भात, पाव, दूध देऊ नका. चोच उघडून पाणी घालू नका. पोरांना हाताळू देऊ नका, मोबाइलवर फोटो काढण्यासाठी तर मुळीच उघडू नका. तासा-दोन तासांनी त्याला तरतरी आली तर जवळच्या गर्द झाडीत नेऊन सोडा. पंख लोंबत असेल, जखम असेल, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

आता शेवटचा प्रश्न. आजवर आपण विचारलं, तो काय करत होता? आता विचारू, आपण काय करतो?

गेल्या काही वर्षांत पक्षी पाहणाऱ्यांची संख्या वाढली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांना जोडून महाराष्ट्र पक्षी सप्ताह साजरा करतो. दोघांनीही आपल्याला सबुरी शिकवली. पण आज जूनच्या पहाटे रानात गेलं, की काही ठिकाणी शीळ पक्ष्याची आहे की मोबाइलची, हे कळेनासं झालंय. नवरंग समोर यावा, फोटो मिळावा, म्हणून त्याच्याच आवाजाचं ध्वनिमुद्रण वाजवलं जातं. त्याला काय वाटतं? आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो अंडी सोडून, पिल्लं सोडून, गांडूळ शोधायचं सोडून धावून येतो. आपल्याला तो फांदीवर सुंदर बसलेला दिसतो. खरं तर तो भांडायला आलेला असतो. हे दहा जणांनी दहा वेळा केलं, तर त्या दिवशी पिल्लांनी काय खायचं?

म्हणून पक्षी पाहणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना हात जोडून सांगतो. आवाज वाजवू नका. घरट्याची जागा कुणाला सांगू नका, फोटोतून तर नाहीच नाही. घरट्याभोवतीची पानं बाजूला करू नका, ती पानं म्हणजे त्याच्या घराची भिंत आहे. एका जागी अर्धा तास गप्प बसा. नवरंग आला तर आला. नाही आला तरी शीळ ऐकलीत ना? तमिळ माणसाने त्याला शिळेवरूनच ओळखलं होतं.

आजच्या बोलण्याचं सार एवढंच. रंग बघा, पण रंगांवर थांबू नका. आडवा काळा पट्टा, आखूड शेपूट, जमिनीवरच्या उड्या, या तीन खुणा धरून ठेवा. सकाळ-संध्याकाळी कान उघडे ठेवा. पाचोळ्याला कचरा म्हणू नका. आणि तो रात्री आपल्या डोक्यावरून जात असतो, हे विसरू नका.

गुरुजींनी त्या दिवशी डालगं उचलून पाखरू डोंगराकडच्या झाडीत सोडलं. त्या संध्याकाळी, सहाच्या सुमारास, तिकडून दोन सूर आले. तो तोच होता का, हे मी सांगू शकत नाही. पण त्यानंतर आमच्या आजीने परसातला पाचोळा कधी पेटवला नाही. ती तो केळीच्या आळ्यात टाकू लागली.

आज तुम्ही घरी जाल. उद्या सकाळी सोसायटीचा माळी झाडांखालचा पाचोळा गोळा करून पेटवायला निघेल, त्याला थांबवा, आणि तो झाडांच्या बुडाशीच पसरायला सांगा. आणि आज रात्री झोपण्याआधी गच्चीवरचे, बाल्कनीतले नको असलेले दिवे मालवा. नवरंग निघाले आहेत.